पाटावरची हार्ड डिस्क

आमच्याकडे खंडेनवमीचा पाट मांडायचा तो अण्णांनीच. अण्णा म्हणजे माझे वडील. चिंचवडच्या एका कंपनीत सारी हयात लेथ मशिनीवर उभा राहिलेला माणूस. त्यांच्या लेखी हत्यारांची पूजा दिवाळीहून मोठी. कंपनीत त्या दिवशी मशिनी घासूनपुसून लख्ख व्हायच्या, झेंडूच्या माळा चढायच्या आणि शेवटी नारळ फोडून त्याचं पाणी मशिनीवर चौफेर शिंपडलं जायचं. रिटायर झाल्यावर लेथ कंपनीत राहिली, सवय मात्र काळेवाडीतल्या आमच्या घरी आली. मापं घ्यायचे व्हर्निअर नि मायक्रोमीटर, आईची विळी, माझ्या स्कूटरची किल्ली, सगळं पाटावर. जे आपल्याला सांभाळतं त्याला वर्षातून एकदा हळदकुंकू लावायचं, असा त्यांचा कायदा.

गेल्या खंडेनवमीला मी आंघोळ करून बाहेर आले तर पूजा उरकली होती. हॉलमधला कॉम्प्युटर टेबलावरून पाटावर उतरला होता, त्याच्या गळ्यात माळ होती. गळा कुठे असतो ते अण्णांनाच ठाऊक. शेजारी माझी काळी हार्ड डिस्क, तिच्यावर कुंकवाची पाच बोटं. मला हसू आलं. मी फोटोसुद्धा काढला. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, म्हणून सगळं तिथेच राहू दिलं आणि श्रीखंड आणायला गेले.

आता त्या दोन डब्यांत काय होतं ते सांगते. अण्णांना घशाचा कॅन्सर झाला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनच्या आधीचे सगळे दिवस मी फोन चालू ठेवून त्यांच्यामागे फिरले. गावाकडच्या गोष्टी, कंपनीतल्या संपाच्या गोष्टी, रिक्षावाल्याशी घातलेली हुज्जत, झालंच तर आंघोळीच्या वेळची रामरक्षा. ते वैतागायचे, "अगं, मी काय मरायलोय का?" म्हणायचे, तेही मी ठेवलं. नंतर तो फोन एक्सचेंजमध्ये गेला. रेकॉर्डिंग राहिलं घरच्या कॉम्प्युटरवर आणि बॅकअप म्हणून त्या काळ्या डिस्कवर. इंटरनेटवर ठेवू का, असं मी विचारलं होतं. "माझा आवाज कुठं अमेरिकेत ठेवतीस? घरात राहू दे," असं त्यांनी बजावलं होतं. बोलता येत होतं तोवर त्यांच्याशी वाद घालून कोणी जिंकलेलं नाही.

माणूस वाचला, आवाज गेला. अण्णांनी ते फार मनाला लावून घेतलं नाही. कंपनीत मशिनींच्या गोंगाटात चाळीस फुटांवरच्या माणसाशी हातवाऱ्यांनी बोलायची सवय, ती कामी आली. रेकॉर्डिंग मात्र घरात कोणीच ऐकत नव्हतं. मी एकदा लावलं तर अण्णा उठून गॅलरीत गेले आणि आई म्हणाली, "राहू दे जपून. कशाला सारखं." तरी ते आहे, एवढ्यावर मला बरं वाटायचं.

दसऱ्याच्या संध्याकाळी माळ काढून मी कॉम्प्युटर जागेवर ठेवला आणि बटण दाबलं. फट् असा आवाज झाला, जळका वास आला आणि सगळं शांत. घाबरले, पण म्हटलं बॅकअप आहे. डिस्क ऑफिसच्या लॅपटॉपला लावली. तिचा दिवा लागला, आतून टक् टक् आवाज येत राहिला आणि स्क्रीनवर काहीच आलं नाही. बोट लावलं तर डिस्क चिकट लागली.

"अण्णा, पूजा कशी केलीत?"

त्यांनी हातवाऱ्यांनी साग्रसंगीत करून दाखवलं. नारळ फोडला, पाणी वाटीत घेतलं, आणि व्हर्निअरपासून सुरुवात करून सगळ्यांवर शिंपडलं. कॉम्प्युटरच्या वरच्या जाळीवर जरा जास्तच, कारण तो घरातला मोठा. ज्या लेथवर दिवसभर कूलंटच्या पाण्याची धार सुटलेली असते, तिला वाटीभर नारळपाण्याचं काय! बॅकअपचा पहिला नियम असा की दोन्ही प्रती एका जागी ठेवू नयेत. आमच्याकडे त्या एका पाटावर बसून एकाच नारळाने न्हाल्या.

मी घर डोक्यावर घेतलं. नाही नाही ते बोलले. आवाज असता तर अण्णांनी दुप्पट ओरडून मला गप्प केलं असतं. आता ते नुसते बघत राहिले, त्यामुळे मला अजून राग आला, आणि मग रडूच फुटलं. आई ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "आवाज गेला तर गेला. माणूस बसलाय ना समोर?" तिचं बरोबर होतं आणि मला ते अजिबात ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. रिक्षात अण्णांनी कॉम्प्युटर मांडीवर घेतला, मला हात लावू दिला नाही. बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात चाचा म्हणून ओळखले जाणारे दाढीवाले गृहस्थ बसतात. त्यांनी कुंकू पाहिलं आणि काही विचारायच्या आत म्हणाले, "नारळ ना? दसऱ्यानंतर दोन-चार येतातच. भाऊ, पूजा करा, नारळ पण फोडा, पर जरा बाजूला." अण्णांनी कान पकडले.

चाचांनी पत्रा उघडला. आत पिवळसर डाग आणि एक झेंडूची पाकळी. काळी डिस्क कानाशी धरून ते म्हणाले, "ही गेली. इचा नाद सोडा." मग कॉम्प्युटरच्या आतली डिस्क त्यांनी स्क्रू काढून ओढली, उलटसुलट केली. ती तळाला होती. पाणी वरच्या पॉवर सप्लायवर आणि बोर्डावर पडून तिथेच संपलं होतं. त्यांनी ती पुसली, आपल्या मशिनीला केबलने जोडली आणि आम्ही तिघंही स्क्रीनकडे बघत बसलो. मी देवाचं नाव घेत होते, जरी आदल्या रात्री त्याच्याशीही भांडले होते.

फोल्डर उघडलं. सगळी नावं ओळीने उभी राहिली.

मी खुर्चीत बसले ती बसलेच. हसू थांबत नव्हतं. अण्णांनी चाचांच्या पाठीवर अशी थाप मारली की त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पडला. मी तिथल्या तिथे दोन नव्या डिस्क घेतल्या, एक घरी आणि एक दिघीला मावशीकडे ठेवायला. "आणि अमेरिकेतसुद्धा ठेवणार," मी अण्णांना दम दिला. त्यांनी निमूट मान हलवली. कॉपी सुरू झाली, आणि फाइल नीट आहे का हे बघायला चाचांनी मधलीच एक लावायला घेतली.

"थांबा," मी म्हटलं, आणि आईला फोन लावला. ती स्वयंपाकात होती, मागे कुकर ऐकू येत होता. मी काही न सांगता फोन स्पीकरवर टाकून चाचांच्या मशिनीपाशी धरला आणि चाचांना खूण केली.

अण्णांचा आवाज अख्ख्या दुकानात घुमला. "अगं ए! कुठं हायस? च्या टाकलीस का न्हाई अजून?"

"आले हो, आले," फोनमधून आई म्हणाली. "जरा म्हणून दम निघत नाही."

मग तिकडून गॅस बंद केल्याचा आवाज आला. चाचांनी रेकॉर्डिंग थांबवलं. अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला.

"ऐकलं मी," आई म्हणाली. "या आता घरी. खरंच टाकते चहा."

अण्णांनी मान हलवली. फोनवर मान दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आणि तिकडून आई म्हणाली, "बरं, या."