कायद्यातला शेजारी

तळल्या जाणाऱ्या गराडूचा, त्या माळवी कंदाचा, वास आला, की मी थेट देवासच्या गच्चीवर पोचतो. थंडी होती, वकिलीच्या परीक्षेतला टॉर्टचा, म्हणजे नुकसानभरपाईच्या कायद्याचा, पेपर तोंडावर आला होता आणि शेजारच्या गच्चीवर तिथली मुलगी गराडूच्या फोडी तळत होती. माळव्याच्या रिवाजाप्रमाणे ती मलाही ‘भिया’, म्हणजे भाऊ, म्हणायची, आणि माझं प्रेम ओठांवरूनच माघारी फिरायचं. मी नाटकी आवाजात वाचलं, “वागताना ज्याचा विचार करायलाच हवा, तो कायद्यानं शेजारी!” “मग माझा विचार करता का, भिया?” “रात्रंदिवस!” तिनं कढईतल्या फोडी निथळून काढल्या. मग कठड्यावरून बशी आली. “घ्या, गार होतील.” या वेळी ‘भिया’ नव्हतं! पुढे ती लग्न होऊन खातेगावला गेली. मी वकील झालो, खटले जिंकलो. पण तसा निकाल माझ्या बाजूनं पुन्हा कुठल्याच कोर्टात लागला नाही.