धारूरच्या किल्ल्यावर मला बघायला आले तेव्हा

धारूर माझं सासर. पाहुणे आले की त्यांना किल्ला दाखवायला मीच नेते, आणि दरवेळी सासूबाईंच्या आठवणीनं ऊर भरून येतो. घरात असतात हो, चांगल्या धडधाकट! तरी येतो.

लहानपणीच्या आजारात माझा उजवा पाय जरा आखूड राहिला. केजला माहेरी स्थळं यायची, पोहे खायची, मग कुणीतरी म्हणायचंच, "पोरी, जरा चालून दाखव." चालले की संपलं. मेल्यांना पोहे मात्र दोनदा लागायचे!

धारूरच्या स्थळानं निरोप धाडला, घरी नको, किल्ल्यावर भेटू. आई हबकलीच. "आता काय डोंगर चढाय लावत्यात व्हय?" तिनं माझ्या उजव्या चपलेत टाचेखाली जुन्या साडीची जाड घडी शिवली. हे स्थळ गेलं तर पुन्हा कुणापुढं चालायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

किल्ल्याच्या दरवाजातच मुलाच्या आईनं माझा दंड धरला. "माझे गुडघे लई दुखत्यात. मला धरून चाल, बाई." (ते गुडघे किती ठणठणीत आहेत हे लग्नानंतर कळलं. आजही माझ्याआधी वर पोचतात.) बाकीची मंडळी पुढं गेली. आम्ही तटाकडेनं बसत-उठत चाललो. शिवणीनं टाच सोलून निघाली, पण चेहऱ्यावर दाखवते कशाला!

तळ्याजवळ त्या म्हणाल्या, "काढ ती चप्पल. पायाचं आमाला पयल्यापासून ठाव हाय."

मला रडू फुटलं, रागही आला. "मग इतं कावून आणलं?"

"मला बघाय आलते तवा धा माणसांत चालवलं. लई लाज वाटलती. घरी आलो असतो तर तुलाबी कुणी चालवलंच असतं. माझ्या सुनंला तसं करायचं न्हाई."

मग त्यांनी लेकाला हाक मारली. "ये रं. त्या बुरजापतोर चालून दाखव हिला."

बिचारा कान लाल करून गेला, पायात पाय अडकत परत आला. त्या माझ्याकडं वळल्या. "सांग बाई, पसंत हाय का?"

इतक्या स्थळांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाले, "हाय."