बाबांसाठी निवडलेल्या चित्रकथा

हिवाळ्यात चित्रकथा वाचाव्यात, असं माझं मत आहे. उन्हाकडे पाठ करून बसावं आणि पुस्तक मांडीवर उघडं ठेवावं. कोवळ्या उन्हात चित्रांचे रंग जसे दिसतात तसे ट्यूबलाइटखाली दिसत नाहीत. उन्हाळ्यात अंतराळातल्या, बर्फाळ ग्रहांवरच्या गोष्टी, कारण दुपारी बाहेर पडायची सोय नसते. पावसाळ्यात जादूच्या राज्यांच्या जाडजूड कादंबऱ्या, संपता न संपणाऱ्या. मेहकरच्या ज्या वाचनालयात मी काम करते, तिथे दाराजवळच्या फळ्यावर दर ऋतूला मी अशा शिफारशी लिहिते. बहुतेक लोक स्पर्धा परीक्षांची पुस्तकं मागायला येतात. त्यातले थोडे जाता जाता थबकतात आणि परत आत येऊन विचारतात, "मॅडम, ते यंत्रमानवाचं आहे का?" त्या थोड्यांसाठीच तो फळा आहे.

बाबांना तो आवडत नसे. ते जानेफळच्या शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्तीनंतर आम्ही मेहकरला आलो, तेव्हापासून ते रोज वाचनालयात यायचे. फळ्यापुढे चष्मा सावरत उभे राहायचे, माझा एखादा चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ खडूने नीट करायचे आणि म्हणायचे, "आता शुद्ध झालं. खोटं मात्र आहे तसंच आहे." यात राग नसायचा. गोष्टीत माणसांनी माणसांसारखं वागावं आणि जमिनीवरून चालावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचं स्वतःचं बोलणं छापल्यासारखं होतं. खरं तर ते बीबी गावाजवळच्या एका खेड्यातले. शिकायला पुण्याला गेले तेव्हा वर्गात कुणीतरी त्यांच्या बोलण्याला हसलं होतं, एवढंच त्यांनी आईला एकदा सांगितलं होतं. त्यानंतर त्यांनी आपली वऱ्हाडी बोली जिभेवरून खरवडून काढली. आई मात्र वऱ्हाडीच बोलायची. ती "मले" म्हणाली की बाबा पेपरातून डोकं न काढता "मला" म्हणायचे. "हो, मला," म्हणून ती पुढच्याच वाक्यात पुन्हा "मले" म्हणायची. दोघांनाही त्याची सवय झाली होती.

दिवाळी नुकतीच आटोपली होती. बाबा सकाळी अंगणात पेपर वाचत बसले होते. आई चहा घेऊन गेली तर पेपर खाली पडलेला, आणि बाबा स्वतःच्या उजव्या हाताकडे टक लावून बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा. अकोल्याला पोहोचेपर्यंत उशीर झाला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर भाषाही गेली.

"त्यांना बरंचसं कळतं," डॉक्टर म्हणाले. "पण बोलता येणार नाही. अक्षरं दिसतील, वाचता येणार नाहीत."

"परत येईल ना?" मी विचारलं.

"काही जणांना थोडंफार येतं," ते म्हणाले आणि हातातले कागद चाळू लागले.

घरी आणल्यावर कळलं की एक शब्द उरला आहे. आई त्यांना पाणी पाजत होती. त्यांनी तोंड बाजूला केलं, ओठ जुळवायची खटपट केली आणि म्हणाले, "काऊन."

आईला हसू आलं. सगळा जन्म ज्या बोलीबद्दल तिला टोकलं, तिच्यातलाच शब्द, 'का' विचारायचा. मग तिने पदर तोंडाला लावला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. त्यानंतर भूक लागली तरी काऊन, पाय दुखला तरी काऊन, कुणी भेटायला आलं तरी काऊन. आपण काय बोललो ते त्यांना ऐकू यायचं. प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा पडायचा.

मी एकदा पेपर त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो नीट, सुलटा धरला. बराच वेळ ते पहिल्याच मथळ्याकडे बघत राहिले. मग डाव्या हाताने पेपर असा भिरकावला की तो तुळशीपाशी जाऊन पडला. दुसऱ्या दिवशीपासून आम्ही पेपर बंद केला.

त्या थंडीत मी वाचनालयातल्या जुन्या चित्रकथांचा एक गठ्ठा घरी आणला होता, सुटलेली पानं चिकटवायला. बाबा उन्हात खुर्चीवर बसले होते. मी डिंक आणायला आत गेले आणि परत आले तर त्यांच्या मांडीवर एक पुस्तक होतं. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या लोकांची गोष्ट. त्यांनी एक पान उलटलं, मग पुन्हा मागे गेले, मागच्या चौकटीत काहीतरी पडताळलं आणि पुढे आले. उत्तरपत्रिका तपासताना ते असेच मागे-पुढे व्हायचे. मी बाजूला बसून पानं चिकटवत राहिले. जेवायची वेळ झाली तरी ते पुस्तक सोडेनात.

मग मी त्यांच्यासाठी पुस्तकं निवडू लागले. काय चालतं आणि काय नाही, ते हळूहळू समजलं. पात्रांच्या तोंडचे मजकुराने भरलेले फुगे त्यांना सहन होत नसत. त्यावर ते अंगठा दाबून धरायचे, एखादा डाग झाकावा तसे. म्हणून मी बिनशब्दांच्या चित्रकथा शोधायला लागले. आमच्याकडे अशा दोन-चारच होत्या. भावाने पुण्याहून आणखी पाठवल्या. उडत्या शहराची, आरशातून येणाऱ्या जनावरांची, राजाचा मुकुट खाऊन बसलेल्या राक्षसाची. त्या राक्षसाला ढेकर येते त्या पानावर बाबा मोठ्याने हसले. चेहऱ्याची एकच बाजू हसली, पण आवाज जुनाच होता. आई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली.

"काय झालं वं?" तिने मला विचारलं.

"हसून राह्यले," मी म्हणाले. ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

जानेवारीत जानेफळचे काही जुने विद्यार्थी शाल-श्रीफळ घेऊन आले. आता तेही पिकल्या केसांचे झाले होते. फाटकाचा आवाज ऐकताच बाबांनी मांडीवरचं पुस्तक खुर्चीच्या फटीत कोंबायचा प्रयत्न केला. एका हाताने ते जमेना. विद्यार्थ्यांनी त्यांच्या अंगावर शाल घातली, तेव्हा त्यांनी पुस्तक शालीखाली ओढून घेतलं. "सरांची मराठी म्हणजे काय होती," असं एक जण म्हणाला. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले. ते लोक जाईपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही.

उन्हाळा आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे अंतराळाकडे वळले. एका ओसाड ग्रहावर मागे राहिलेल्या यंत्रमानवाची गोष्ट होती. त्याची माणसं निघून गेली आहेत आणि तो एकटाच पडकी घरं दुरुस्त करत राहतो. त्याचा एकेक भाग निकामी होतो. शेवटी एक म्हातारी बाई परत येते, त्याच्या छातीचं झाकण उघडते आणि आतला दिवा विझवते. साऱ्या पुस्तकात एक अक्षर नाही. बाबांनी ते संपवलं आणि परत पहिल्या पानापासून सुरू केलं. बाकीची पुस्तकं तशीच पडून राहिली.

एका दुपारी कूलरसमोर आम्ही दोघंच होतो. आई आत पडली होती. बाबांनी त्या पुस्तकाचं शेवटून दुसरं पान काढलं आणि दिवा विझवणाऱ्या हातावर बोट ठेवलं. मग ते बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. मग परत चित्रावर. नंतर माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघू लागले तर त्यांनी माझं मनगट धरलं. डाव्या हातात आता बरीच ताकद आली होती.

"बाबा, पाणी आणू?" मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. नाही. बोट पुन्हा चित्रावर, पुन्हा छातीवर. "काऊन," ते म्हणाले, अगदी हळू.

मला नीट कळलं होतं. इतके महिने त्यांचं म्हणणं मी ओळखत आले होते, पण इतकं स्वच्छ त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. "मला ते करता येत नाही, बाबा," मी म्हणाले. त्यांनी माझा हात सोडला. पुस्तक मिटलं आणि कूलरकडे बघत राहिले.

दोन दिवस मी ते मनातच ठेवलं. मग आई भांडी लावत होती तेव्हा तिला सांगितलं. ती चकित होईल, रडेल असं मला वाटलं होतं. तिने हातातलं पातेलं पालथं घातलं.

"मले तर ते कधीचे सांगून राह्यले," ती म्हणाली. "मले चित्र नाई लागत त्याच्यासाठी."

"तू काय म्हणालीस मग त्यांना?"

"काय म्हणन? म्हटलं, मी हाये तवरिक राहा. म्या एकटीनं काय कराव इथं?" तिने आणखी एक भांडं फळीवर लावलं. "मंग ते काई बोलले नाईत. राह्यले."

त्यानंतर मी त्यांना नवीन पुस्तक द्यायला घाबरायचे. प्रत्येक चित्रकथा आधी स्वतः शेवटपर्यंत बघायची, शेवट कसा आहे ते पारखायचं. शेवट बरा असलेली पुस्तकं फारशी सापडत नव्हती, आणि सापडली तरी बाबांना ती आवडत नसत. दोन पानं उलटून ते बाजूला ठेवायचे. हळूहळू त्यांनी पुस्तक मागणंच सोडलं. पावसाळ्यात गिळताना ठसका लागायला लागला. वरणाचं पाणीसुद्धा चुकीच्या वाटेने जायचं. एकदा ताप चढला, छातीत कफ भरला आणि ते परत दवाखान्यात गेले. या वेळी मात्र परत आले नाहीत. त्यांना त्रास झाला. शेवटचे काही दिवस श्वास ओढायलाच त्यांची सारी ताकद जात होती. आई उशाशी बसून "हाव, हाव," एवढाच होकार देत राहिली.

तेराव्यानंतर भाऊ पुण्याला परत गेला. घर रिकामं झालं. मी वाचनालयाची पुस्तकं परत न्यायला पिशवीत भरत होते. काहींवर वरणाचे डाग होते, काहींची पानं त्यांच्या अंगठ्याने मऊ पडली होती. आई जवळ येऊन बसली. तिने ते ओसाड ग्रहाचं पुस्तक उचललं आणि उलटंसुलटं करून पाहिलं.

"त्या बाईचं काय होते मंग?" तिने विचारलं. "दिवा बंद केल्यावर?"

मी शेवटचं पान काढून दिलं. बाई पडक्या घराच्या पायरीवर बसली आहे. शेजारी तो यंत्रमानव, विझलेला. मागे रिकामं आभाळ.

आईने ते पान बराच वेळ न्याहाळलं. "जात नाई का ती तेथून?"

"नाही. इथंच संपतं."

"बरं," ती म्हणाली, पुस्तक माझ्या हातात दिलं आणि आत जाऊन बाबांच्या खाटेवरची चादर काढायला लागली.