रॅम्सगेटला गेलेलं घर

लंडनमधल्या कॅम्बरवेलच्या त्या गल्लीतली इभ्रतदार माणसं ऑगस्टात समुद्रावर जात. ज्यांना परवडत नसे, ती गेल्याचं सोंग करत. पुढच्या खिडक्यांचे पडदे ओढायचे, पुढच्या दाराला कडी घालायची आणि महिनाभर मागच्या खोल्यांत श्वास रोखून राहायचं. थ्रिपसाहेब बँकेत कारकून होते. बायकोला आणि आईला मागे कोंडून ते स्वतः मागच्या बोळातून, कॉलर वर करून, चोरासारखे कामाला जात.

त्यांची मोलकरीण केझाया बंडी हे नाटक दर वर्षी बघे. तिला हसू येई आणि त्याहून जास्त संताप येई. तिची आई लोकांचे कपडे धुवायची, पण गरिबी लपवावी असं त्या बाईला कधी सुचलंच नव्हतं.

त्या वर्षी साहेबांची म्हातारी आई तापाने फणफणली. छाती भरली, श्वास घशात घरघरू लागला. डॉक्टर मॉफॅट राहत होते बरोब्बर समोरच्या घरात.

"बाईसाहेब, डॉक्टरांना बोलावते."

"वेड लागलंय का तुला? आपण समुद्रावर, रॅम्सगेटला आहोत! त्यांच्या बायकोला मी स्वतः सांगून आलेय."

"मग बोळातून जाऊन दुसरा आणते."

"आणि तो गावभर बोलत सुटला म्हणजे? मोहरीचा लेप लाव."

"सकाळपासून तेच करतेय. जातील हो त्या!"

"हळू बोल! शेजारी ऐकतील."

शेजारीही पडद्याआडच बसले होते. त्यांची मोलकरीण केझायाला बोळात रोज भेटायची.

दार उघडलं तर नोकरी जाणार हे केझायाला कळत होतं. शिफारसपत्राशिवाय दुसऱ्या घरी उभंही करणार नाहीत, हेही कळत होतं. म्हातारी काही मायाळू होती अशातला भाग नाही, पण ती घरघर तिला ऐकवेना. तिने पुढच्या दाराची कडी काढली आणि भर दुपारी रस्त्यात उभी राहून ओरडली, "अहो डॉक्टर! धावा!"

डॉक्टर पोचेपर्यंत बाईसाहेबांनी डोक्यावर हॅट चढवली होती. "आत्ताच उतरलो बघा. गाडीला काय ती गर्दी!"

डॉक्टरांनी बाईसाहेबांच्या पांढऱ्याफटक तोंडाकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "समुद्राची हवा मानवलेली दिसते." शिकलेला माणूस, पण तोही त्याच गल्लीतला. औषधपाणी मात्र त्यांनी चोख केलं. म्हातारीचा ताप उतरला.

लगेच बाईसाहेबांनी केझायाला बोलावलं. "सामान बांध. शिफारसपत्र मिळणार नाही."

"का हो, बाईसाहेब? जे केलं तेच लिहा की."

"उलट बोलतेस? काय लिहू? आम्ही घरात नसताना दार उघडलं म्हणून?"

केझाया निरोप घ्यायला म्हातारीजवळ गेली. निदान ही तरी दोन शब्द बरे बोलेल, अशी तिला आशा होती. म्हातारीने तिचं मनगट धरलं.

"पुढचं दार तू उघडलंस?"

"हो, आजीबाई."

"भर दुपारी?"

"हो."

म्हातारीने हात झिडकारला. "मी मेले असते, तर रॅम्सगेटला वारल्या म्हणून सांगता तरी आलं असतं. तेवढंही होऊ दिलं नाहीस, मेले."