ओठ मिटलेली सासू

आमच्या डबिंग स्टुडिओत मालिका कमी आणि किस्सेच जास्त तयार होतात! नाशिकला कॉलेज रोडमागच्या एका गाळ्यात बसून आम्ही मोबाइलवरच्या इंडोनेशियन मालिका मराठीत आणतो. मी चार वर्षं इंडोनेशियात, योग्याकार्ताला शिकले. तिथल्या घरमालकीणबाईंच्या शेजारी बसून या मालिका बघतच भाषा उचलली आणि ठरवून परत आले, की ही माणसं आपल्या नाशिककरांच्या आवाजात बोलली पाहिजेत. यात मला अजूनही काही वेडेपणा वाटत नाही!

*

या मालिकांची एक खासियत आहे. पात्र ओठ मिटून डोळे वटारतं, कॅमेरा चेहऱ्यावर जातो आणि मनातलं ऐकू येतं.

मनमाडचे सोनवणेकाका रेल्वेतून निवृत्त झाले आहेत. म्हाताऱ्यांचे आवाज तेच देतात आणि स्क्रिप्टही तेच सांभाळतात. पहिल्या दिवशी ते माइकसमोर नुसतेच उभे!

"काका, बोला ना!"

"अगं, त्याचे ओठ कुठे हलतायत? सिग्नल पडल्याशिवाय मी गाडी सोडत नाही!"

*

काकांना स्क्रिप्टबाहेरचं अक्षर चालत नाही. एकीने "अगं"च्या जागी "अगं बाई" म्हटलं. काकांनी लगेच हात वर केला.

"थांबा! टाइमटेबलात बाई नाहीये!"

*

दुष्ट सासूसाठी मी वत्सलाताईंना घेतलं. तीस वर्षं बालवाडी शिकवलेली बाई. "चालती हो माझ्या घरातून!" हे वाक्य त्यांनी असं म्हटलं, जणू मधल्या सुट्टीत डबा खायला पाठवतायत.

"चालती हो हं माझ्या घरातून!"

काकांचा हात वर. "'हं' नाही!"

सात टेक झाले, 'हं' काही गेला नाही. शेवटी भाग तसाच अपलोड केला. खाली मालेगावहून अहिराणीत कॉमेंट आली, "मनी सासू बी अशीच शे!" आणि जावा बेटावरून एका बाईंनी लिहिलं, "भाषा कळली नाही, पण आमच्या मूळ मालिकेतल्या सासूपेक्षा या जास्त भयंकर आहेत. इतक्या गोड!"

*

तिकडे पापाची शिक्षा दाखवणाऱ्या गोष्टी फार चालतात. एका भागात दुधात पाणी घालणारा मरतो आणि त्याचा जनाजा पुरात वाहून जातो. मला वाटलं, आपल्याकडे लोक हसतील.

दुसऱ्या दिवशी वत्सलाताई म्हणाल्या, "आमच्या दूधवाल्याला लिंक पाठवली."

"मग?"

"आज साय आली!"

*

या वत्सलाताई घरी मात्र अगदी मालिकेतल्या सासूसारख्या. म्हणजे दुष्ट नाही, ओठ मिटलेल्या! त्यांचा मुलगा आणि सून पल्लवी पाथर्डी फाट्याला नव्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होते. घरात खोकी भरली जात होती. ताई स्टुडिओत येऊन गप्प बसायच्या.

"राहा म्हणा की त्यांना," काका म्हणाले.

"तरुण माणसांना अडवायचं नसतं हो."

त्या शनिवारी पल्लवी त्यांना स्कूटरवर सोडायला आली. मी तिला रेकॉर्डिंगच्या खोलीच्या काचेअलीकडे, माझ्या आणि काकांच्या मध्ये बसवलं आणि हेडफोन दिला. पडद्यावर सून बॅग भरत होती. दारात सासू, ओठ मिटलेले. तिच्या मनातलं वाक्य होतं, "गेली एकदाची पीडा!" ती सून पुढे परत येतच नाही. आम्ही शेवटपर्यंतचे भाग बघितले होते.

काचेपलीकडे ताईंनी पडद्याकडे बघितलं.

"जा. पण गॅसचा नंबर लावायला मला अजून येत नाही. आणि मी केलेला चहा मलासुद्धा आवडत नाही."

मी काकांच्या हाताकडे बघितलं. तो मांडीवरच होता.

पल्लवीने विचारून घेतलं, काचेपलीकडे बोलायचं बटण कुठलं. मग ते दाबलं.

"आई, ही सून बॅग परत रिकामी कधी करते? कितव्या भागात?"

ताई काकांकडे बघायला लागल्या. काकांनी स्क्रिप्ट मिटली, मांडीखाली सारली आणि स्वतःच सांगून टाकलं,

"पुढच्याच!"