मूठभर सुकी तारली

पोते उघडले की चाचा मूठभर सुकी तारली मासळी नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "चालंल." किंवा, "खवट हाय. परत." तुम्ही शेजारी असता, तर तुम्हीही मान डोलावली असती.

ओमानातल्या बरक्याजवळच्या त्या गोठ्यात मांसासाठी गोऱ्हे वाढवत. वाढत्या वयात त्यांना प्रथिने भरपूर लागतात. सोयाबीनची पेंड महागली, तेव्हा अर्बाबने, म्हणजे आमच्या मालकाने, तारली कुटून आंबोणात मिसळायला सांगितले. तिकडे गुरांना ती पूर्वीपासून घालतात. मात्र एक लक्षात घ्यावे: तिचे तेल खवट झाले, तर वासरे हगवणीने खंगतात. म्हणून प्रत्येक पोते आधी हुंगायचे. ते काम रत्नागिरीच्या या चाचांचे. खाद्यविभाग माझ्याकडे होता.

अंगाच्या मासळीच्या वासामुळे कामगारांच्या बसमध्ये त्यांच्याशेजारी कोणी बसत नसे. "ऐसपैस जातो, मास्तर!" ते म्हणत. माझ्या समजावून सांगण्याच्या खोडीमुळे मी मास्तर झालो होतो.

एका उन्हाळ्यात सगळ्या गोऱ्ह्यांनी गव्हाणीकडे पाठ फिरवली. मी वाकून पाहिले. खवट दर्प डोक्यात गेला.

"चाचा, हे तुम्ही हुंगले होते ना?"

ते कठड्यावर बसले. "नाक कवाच गेलंय माजं. कललं तर घरी पाठवतील."

"मग इतके दिवस?"

"मूठ आधी त्या काल्याला दाखवायचो. त्यानं जीभ काढली की चालंल, मान झटकली की परत. माज्या नाकाला नंतर. लोकांसाठी."

काळा गोऱ्हा आदल्याच आठवड्यात कसायाच्या गाडीत चढला होता.

"मी बोलणार नाही," मी म्हणालो.

पण दुपारी अर्बाब आला. भरलेली गव्हाण पाहून त्याने विचारले, "कौन पास किया?"

मी काही बोलण्याआधी चाचा पुढे झाले. "हम, अर्बाब."

"खलास."

जायच्या दिवशी बॅग खाली ठेवून त्यांनी मला गोठ्यात नेले. एका गोऱ्ह्याच्या कपाळावर हात ठेवला. "हा तांबडा. ह्याला इचारत जा. खोटं नाय बोलायचा."

हुंगायचे काम माझ्याकडे आले, पण निकाल तांबड्याचाच असे. त्याने तो हंगाम निभावला. मग त्याचेही वजन भरले. गाडी त्याला घेऊन गेली, त्या सकाळी एक चांगली आणि एक खवट मूठ घेऊन मी एकेका गोऱ्ह्यापुढे उभा राहिलो. शेवटी एकाने चांगल्या मुठीला जीभ काढली, खवट मुठीला मान झटकली. कामगार पाहत होते. मी चांगली मूठ नाकाशी नेली, डोळे मिटले.

"चालेल," मी म्हणालो.

संध्याकाळी बसमध्ये माझ्याशेजारची जागा रिकामी होती.