अमोनियाची जुनी बाटली

बी.एस्सी.ची शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा भिवंडीतल्या दुसऱ्या कॉलेजात होती. पाण्याचा कठीणपणा मोजायला आधी अमोनियाचं बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, करायचं होतं. अमोनियम क्लोराईड नीट तोलून घेतलं, तरी पीएच मीटरचा आकडा साडेआठच्या पुढे सरकेना. हवा होता दहा. मी आणखी अमोनिया ओतला, पण काही फरक पडला नाही. माझंच काहीतरी चुकलं असणार. नापास झाले तर शिक्षण थांबवून लग्न, हे घरात ठरलेलंच होतं.

सिंकपाशी लॅबच्या मावशी भांडी विसळत होत्या. प्रत्येक भांडं उजेडाकडे धरून बघायची त्यांची सवय. हात पुसत त्या आल्या, माझी बाटली लांब धरली आणि पंजाने वारा घेत तिचा वास घेतला.

"डोल्यात पानी न्हाय आलं. यातला अमोनिया उडून गेलाय," त्या म्हणाल्या आणि थेट परीक्षकांपुढे गेल्या. "सर, बाटली जुनी हाय. पोरीचं काय चुकलं न्हाय, मी मघापासून बघते."

सरांनी स्वतः वास घेतला आणि नवी बाटली उघडायला लावली. नाक झणझणलं, आकडा दहावर येऊन थांबला. शेवटी लाल द्रावण एका थेंबासरशी निळं झालं, म्हणजे मोजणी जमली, तेव्हा मी मोकळा श्वास घेतला.

चूक माझीच, हे मी किती पटकन मान्य करून टाकलं होतं!

आभार मानायला गेले, तर मावशींनी माझ्या हातात फडकं दिलं. सगळी भांडी पुसूनच मी घरी गेले.